साताऱ्याहून मिरजेला, फाटक्या आवाजाच्या बुलेटवर

मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं आणि आम्ही गेलो बुलेटवर. तीही अशी, की तिच्या आवाजानं आमच्या कॉलनीतली कुत्री शेपूट घालून पळतात. कान माझे नव्हेत, आमच्या सुभेदारांचे. नवऱ्याची सगळी नोकरी तोफखान्यात गेली आणि निवृत्त होऊन घरी आले ते निम्मेच कान घेऊन. मी रेल्वेनं जाऊ म्हणत होते. पण दिवाळीत ह्यांनी कंपनीचा सायलेन्सर काढून कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून ते धडधडणारं नळकांडं बसवून घेतलं होतं आणि ते एकदा लांब पल्ल्याला न्यायची खुमखुमी होती.

"अगं, सेफ्टीसाठी असतंय ते," हे म्हणाले. "लांबनंच आवाज गेला की म्होरचा आपसूक बाजूला हुतो. जीव वाचतो माणसाचा."

ज्याला स्वतःच्या दाराची बेल ऐकू येत नाही, त्यानं जगाला आपण ऐकू जावं म्हणून एवढा खटाटोप करावा! माझं डोकंच फिरलं. पण डॉक्टरांची वेळ मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती, म्हणून गप मागे बसले.

या वाटेनं जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. हायवेच्या रुंदीकरणापायी कऱ्हाडपर्यंत सारखं सर्व्हिस रोडला उतरवतात आणि तिथली धूळ दातांत करकरते. टू-व्हीलरला टोल नाही, एवढंच सुख. उंब्रजला थांबलो. गरम भजी, दोन वेळा चहा, शंभराच्या आत भागलं. भजी उत्तम होती, पण माझ्या कानांत अजून शिट्टी वाजत होती. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी गाडीकडे बघून मोठ्यांदा विचारलं, "आवं फौजी, सायलेन्सर फुटला काय वो?"

"न्हाई आबा, मुद्दाम लावलाय. सेफ्टीला."

"मुद्दाम?" आजोबांनी बशी खाली ठेवली. "आमच्या दारावरनं असली गाडी गेली की म्हस पान्हा चोरती. तिच्या सेफ्टीचं कोण बघायचं?"

सुभेदारांना ते ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, तर हसले आणि म्हणाले, "म्हशीला काय कळतंय?"

पेठ नाक्याला हायवे सुटतो आणि सांगलीचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंनी ऊस. कारखान्यांचा हंगाम चालू होता, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मुंग्यांसारखे येत-जात होते. या भागात नवीन असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. इथल्या ट्रॅक्टरला एकवेळ मागचा लाल दिवा नसेल, पण टेप असतोच. ड्रायव्हरच्या डोक्यामागे भलेमोठे स्पीकर आणि त्यावर ढोल वाजत असतात. रात्रंदिवस खेपा मारायच्या तर झोप लागू नये म्हणून ते लावतात.

आष्ट्याच्या अलीकडे असाच एक रिकामा ट्रॅक्टर पुढे होता. सुभेदारांनी हॉर्न वाजवला नाही. कशाला वाजवतील? हॉर्नचा बाप मागे बांधला होता ना! नुसती मूठ पिळली आणि गाडी उजवीकडून पुढे काढायला घेतली. तेवढ्यात तो ट्रॅक्टर सरळ उजवीकडे, शेताच्या वाटेला वळला. हात नाही, दिवा नाही. ब्रेक करकचून लागला, गाडी कडेच्या मातीत घसरली आणि आम्ही दोघं आडवे झालो. ट्रॉलीचं चाक ह्यांच्या पायापासून हातभर अंतरावरून गेलं. माझा गुडघा सोलवटला होता, पण ते मला नंतर कळलं. मी त्या पायाकडेच बघत होते.

ड्रायव्हर उडी मारून धावत आला. हे बसल्या जागेवरून त्याच्यावर ओरडले, "कान हायत का न्हाईत रं तुला? दोन गावं ऐकत्यात माझी गाडी!"

"काका, वर टेप, खाली इंजान. मला कुठलं ऐकाय यितंय?" ह्यांना उठवायला हात देत पोरगं म्हणालं.

आमच्या मागून आलेला पिकअपवाला खाली उतरला आणि मला म्हणाला, "वैनी, मी कवापासनं हॉर्न देतोय. ट्रॅक्टर हितंच वळत्यात, आमाला रोजचं म्हाईत हाय. पर तुमाला कायच ऐकू जाईना!"

मलाही ऐकू आलं नव्हतं, आणि माझे कान धडधाकट आहेत. तिथं रस्त्याच्या कडेला माझा बांध फुटला. "अहो, नळकांड्याचं तोंड मागे, धोका पुढे! पुढच्याला ऐकू जात नाही, मागचा ओरडतोय ते आपल्याला कळत नाही. सेफ्टी कुणाची, त्या गॅरेजवाल्याची?" सुभेदारांनी गाडी उचलली.

मिरजेत डॉक्टरांनी तपासलं आणि दुपारी कानात मशीन बसवलं. बाहेर आल्यावर हे दर दोन पावलांवर थांबत होते. चपलांचा आवाज, रिक्षावाल्यांचं भांडण, सगळ्याचंच नवल. गाडी लावली होती तिकडे जाताना मी त्यांना तंतुवाद्यांच्या दुकानांच्या गल्लीतून मुद्दाम नेलं. एका दुकानात तंबोरा जुळवणं चाललं होतं. हे उंबऱ्यापाशी उभे राहिले ते हलेचनात. "अगं, आवाज संपला तरी मागं उरतोय," म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरजेला कुठल्याही कामाला गेलात तरी त्या गल्लीत थोडा वेळ थांबाच.

आणि मग गाडीपाशी येऊन त्यांनी काय करावं? मशीन कानातून काढलं, रुमालात गुंडाळलं, खिशात घातलं. "फार मोठं ऐकाय यितंय गं गाडीचं," म्हणाले आणि किक मारली.

मी मागे बसले होते ती तशीच खाली उतरले. जगाला ऐकू जावं म्हणून लावलेल्या आवाजासाठी स्वतःचे कान खिशात! एवढे पैसे घालून, मरता मरता वाचून आणलेले कान! "या गाडीवर मी बसणार नाही," म्हटलं आणि तडक स्टेशन गाठलं. साताऱ्याचं जनरलचं तिकीट सहज मिळतं. स्टेशन गावाबाहेर माहुलीला, तिथं उतरून शेअर रिक्षा केली की घर.

संध्याकाळी व्हरांड्यात बसून त्याच आवाजाची वाट बघत होते, हे कबूल करते. एरवी हे चौकात आले की घरात भांडी वाजतात. आज काहीच ऐकू येईना. फोन लागेना. डोळ्यांपुढे ते ट्रॉलीचं चाक फिरत होतं. आणि फाटक वाजलं. सुभेदार दारात. गाडी मागे उभी, कधी आली कळलंच नाही.

"तुला मागं बसून कसं वाटतंय ते बघावं म्हणलं," हेल्मेट काढत ते म्हणाले. "मशीन घालून निघालो. सांगलीच्या म्होरं जाववंना. तिथंच साधा सायलेन्सर बसवून घेतला." मग खुर्चीत टेकले आणि हळूच म्हणाले, "आष्ट्यापाशी मागनं एका पिकअपचा हॉर्न आला. मला ऐकाय आला गं. बाजू दिली."

मी उठून चहा टाकायला आत गेले. भरलेले डोळे दाखवायचे नव्हते आणि राग अजून गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो. कुणीतरी तसलंच नळकांडं लावून गल्लीतून धडधडत गेलं. माझ्या आधी हे दचकले. चहा शर्टावर सांडला.

"कोण बेअक्कल हाय रं ते?" सुभेदार ओरडले.

"अहो, सेफ्टीसाठी असतंय ते," मी म्हणाले.