आठवा संघ

सुरुवातीच्या रेषेवर सातच संघ उभे होते. मी दोनदा मोजले. आठवा संघ कडेला बाभळीखाली बसलेला दिसला.

मी सरकारी कार्यालयात खेळाडूंची प्रमाणपत्रे तपासते. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागा असतात. त्यासाठी राज्य स्पर्धेत पहिल्या तीनात यावे लागते, हे सगळ्यांना पाठ असते. दुसरी अट कुणी वाचत नाही. शर्यतीत किमान आठ जिल्ह्यांचे संघ धावलेले हवेत. नाहीतर मेडल घरी भिंतीवर टांगायचे, बस्स.

त्या रविवारी मी नारायण पेठेतून मांजरीला राज्य क्रॉस कंट्री स्पर्धेला गेले ती निव्वळ प्रेक्षक म्हणून. सोपानराव मागे काउंटरवर येऊन विचारून गेले होते, पोरीला पोलिसात जायचंय, काय लागतं? मी म्हटले, "पहिल्या तीनात आणा." एवढेच. मग त्यांनीच फोन करून बोलावले. त्यांच्या मुलीची, सोनालीची, भरतीची वयोमर्यादा त्याच वर्षी संपत होती.

क्रॉस कंट्रीला ट्रॅक नसतो. नांगरट, बांध, चिखल, त्यातूनच धावायचे. संघ म्हणून धरायला चार जणी लागतात. मी आठव्या संघाच्या मॅनेजरला गाठले.

"अहो, तुमच्या मुली बसल्यात का?"

"एकीचा पाय मुरगळलाय. उरल्या तीन. आणि तसाही आमचा नंबर कुठे येणार होता?"

चौथीने नुसती रेषा ओलांडली असती, दहा पावले चालून थांबली असती, तरी कागदावर आठ संघ झाले असते. हे माझ्या अगदी जिभेवर आले होते. पण उद्या फाइल माझ्याच टेबलावर येणार. तपासणाऱ्या बाईनेच संघ उभा केला, असे कुणी म्हटले तर? मी विचार करत बसले आणि तेवढ्यात पिस्तूल वाजले.

सोपानराव हातात चपला घेऊन दोरीकडेने पळत होते. "मॅडम, बगा, पाचवी हाय! आता चौथी हाय!" मी टाळ्या वाजवत होते. दुसरे काय करणार? शेवटच्या फेरीत सोनाली बांधावर आपटली. गुडघा फुटला. उठली, पळाली, दुसरी आली. रेषेपलीकडे जाऊन ओकली.

"झालं न्हवं, मॅडम? नोकरीचं झालं!"

"अभिनंदन," मी म्हटले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

फाइल आली. मी साहेबांकडे गेले. "साहेब, आठवा संघ मैदानात हजर होता हो."

"धावला का?"

"नाही."

"मग मला काय विचारता? इतकी वर्षं लोकांना नाही म्हणताय ना तुम्ही?"

'अपात्र' हा शेरा मी माझ्याच हाताने लिहिला.

पत्र घ्यायला सोनाली एकटीच आली. उभ्याउभ्या वाचले. पुन्हा वाचले.

"तुम्ही तर तिथंच होता. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"मग टाळ्या कशाला वाजवत होता?"

मी पोचवही तिच्यापुढे सरकवली. सही करून ती गेली.

आता काउंटरवर कुणी तोंड उघडायच्या आत मी दोन्ही अटी सांगून टाकते. लोकांना वाटते, बाई फारच मदत करतात. मी हे सांगायला लागले तोवर सोनालीचे वय उलटून गेले होते.