लाल गाडीचा सौदा

पांढुर्ण्यात प्रभाकर घाटोडे संत्र्याचा व्यापार करायचा. झाडावरचा माल बघून तो अख्ख्या बगिच्याचा भाव सांगायचा आणि तो फारसा चुकायचा नाही. त्यामुळे कुणाला बैलजोडी घ्यायची असो की घर, लोक आधी त्याला विचारायचे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात नागपूरचा गाडीविक्या हेमंत त्याच्या दारात एक लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. नवी कोरी, दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. तेवढ्या पैशात दोन मारुती आल्या असत्या. प्रभाकरला तरुणपणापासून अशा गाडीची हौस होती. आता धंदाही बरा चालला होता.

त्यानं वाकून गाडीचं पोट पाहिलं, दाराची उघडझाप केली. "महाग आहे," तो म्हणाला.

"चालवल्याबिगर बोलू नका, प्रभाकरभाऊ. सौसरच्या रस्त्यानं पळवून आणा. मी इथंच चहा घेतो. वहिनीलेही न्या."

अनुराधा पदर सावरत बसली. घरात सासू, दोन दीर, जावा, लेकरं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण दोघंच असे कुठं निघाले नव्हते.

गावाबाहेर पडल्यावर प्रभाकरनं वेग वाढवला. गाडी खरंच वाऱ्यासारखी निघाली. त्याला मनातून फार आनंद झाला. तेवढ्यात अनुराधा काहीतरी बोलली. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

"काय म्हणून राहिली?"

"काही नाही."

त्यानं वेग कमी केला. "सांग ना."

"मोहगावच्या शाळेत मराठी शिकवायले बाई पाहिजे म्हणतात. माझं बी.एड. झालेलं आहे."

"हे मले आजवर काहून नाही सांगितलं?"

"कवा सांगू? तुम्ही घरी असता तवा सगळेच असतात. झोपायच्या वेळी तुम्ही थकलेले."

मग त्यानं विचारलं, कोणते वर्ग, जायचं कसं, लेकरांचं काय. तिनं सगळ्याचा विचार करून ठेवला होता. बैलगाड्या मागं टाकणारी ती गाडी तो आता एका बैलगाडीच्या मागून हळूहळू चालवत होता, आणि पुढं जायची त्याला घाई नव्हती.

"आईले पटणार नाही," तो शेवटी म्हणाला.

"मले माहीत आहे. तुम्हाले पटते का, ते विचारून राहिली मी."

"पटते," तो म्हणाला.

परतल्यावर हेमंतनं उत्सुकतेनं विचारलं, "कितीवर नेली?"

प्रभाकरनं ते सांगितलं नाही. गाडी चांगली आहे, पण आपल्या रस्त्यांवर तिचं पोट घासते, सुटे भाग मुंबईशिवाय मिळायचे नाहीत, या भावात परवडत नाही, असं त्यानं सांगितलं. त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं. तरी हेमंत निघाला तेव्हा तो गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभा राहिला. इतक्या वर्षांत आपण कशाकशाचे भाव केले, आणि घरातल्या माणसाला साधं विचारलंही नाही, हे त्याच्या मनात घोळत राहिलं.

जुलैत अनुराधा मोहगावला जाऊ लागली. सासू अंबाबाई दिवाळीपर्यंत तिच्याशी धड बोलल्या नाहीत. प्रभाकरनं आईशी वाद घातला नाही. सकाळचा चहा मात्र तो स्वतः मांडू लागला, आणि पहिला कप आईलाच नेऊन द्यायचा.