स्पिरिटच्या बाटलीतला माझा जंत

शाळेचं तोंड मी बाहेरूनच बघितलं. तरी वाशीच्या एका लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागलो आणि दोन वर्षांत स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागलो. घणसोलीत लोक मला पोटदुखीवर गोळी विचारायचे. मी सांगायचो पण.

लॅबमधल्या मॅडम जंतांवर काम करायच्या. गावामागं डुकरं फिरायची. डुकराचा जंत आणि माणसाचा जंत दिसायला सेम टू सेम. मग आपल्या लोकांच्या पोटातला नक्की कुठला, ते मॅडम डीएनए वाचून ठरवनार होत्या. एका बाईचा वीतभर जंत मिळाला. मॅडम बोलल्या, "दादा, हा स्पिरिटमध्ये ठेवा. सोमवारी मशीनवर आपला नंबर आहे. तो गेला की गेला."

मी म्हटलं, स्पिरिट काय, उडून जातं. आपन पक्कं काम करू. दिला फॉर्मालिनमध्ये टाकून. लॅबमधलं बाकी सगळं त्यातच ठेवायचो, वर्षानुवर्षं सडत नाय.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी झाकन उघडलं. वास आला तसा डोक्याला हात लावला. "अहो, फॉर्मालिननं डीएनएची वाट लागते! आता मशीनमध्ये काय घालू, तुम्हाला?"

"घाला मॅडम. मापात बसलो तर."

मॅडम हसल्या नायत. माझ्याकडं बघत राहिल्या. "तुमचं पोट कधी तपासलंय?"

मी छाती फुगवली. "जंत? मला? मी लॅबवाला मानूस!"

तपासलं तर मायक्रोस्कोपखाली अंडीच अंडी. मॅडम एवढ्या खूश, मला वाटलं आता पेढे वाटतात. गोळी दिली, प्लास्टिकचा डबा दिला. घरी बायको बोलली, "लोक डबा घेऊन कामाला जातान, तुमी डबा घेऊन संडासला."

शनिवारी जंत हजर. या वेळी स्पिरिटमध्येच. बाटलीवर मॅडमनी माझं नाव लिहिलं. मी ती लॅबभर दाखवत फिरलो. शेवटी टायपिस्टबाई बोलल्या, "दादा, नाव उलटं धरलंय."

सोमवारचा नंबर काय चुकला नाय. रिपोर्ट आला त्या दिवशी मी धावतच घरी गेलो. "अगं, मानसाचाच निघाला! डुकराचा नाय!"

बायको भाकरी थापत होती. मान पन वर केली नाय.

"बरा झाला. तुमच्यात कुठंतरी मानूस हाय, ता मशीननं तरी सांगला."