चौथऱ्यावर न उतरलेलं हेलिकॉप्टर

जांबोटीचा भावकू लढाईच्या काळात मुंबईला गेला आणि मालवाहू बोटीवर खलाशी झाला. १९४४ च्या थंडीत विलायतेजवळ त्याच्या बोटीवर लाकडी फळ्यांचा चौथरा बांधला गेला. नव्यानंच निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात बोटीवर सुखरूप उतरतं का, हे तिथं तपासायचं होतं. ते टेकलं की धावत जाऊन त्याची चाकं दोरानं बांधायची, हे भावकूचं काम.

शांत पाण्यात ते अलगद उतरलं. मग एके दिवशी वारा उठला, बोट डोलू लागली. हेलिकॉप्टर डोक्यावर येऊन थरथरत राहिलं. भावकू दोर धरून वर बघत होता. वैमानिकानं नकारार्थी मान हलवली आणि ते किनाऱ्याकडं वळवलं. बोटीवरून चाचणी बघणारे गोरे साहेब चिडतील असं भावकूला वाटलं, पण त्यांनी वैमानिकाकडं बघून 'शाब्बास' म्हणत हात हलवला.

लढाई संपल्यावर तो घरी आला. सगळं ऐकून बायको मालुबाई म्हणाली, "म्हंजे वाऱ्यात उतरलंच न्हाय व्हय? मग एवढ्या लांब कशाला गेलतासा?"

भावकू म्हणाला, "कवा उतरायचं न्हाय, तेबी कळाय पायजे हुतं गं. त्या वाऱ्यात उतरलं असतं, तर मी आज हितं नसतो."

मालुबाईनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.