गोलकीपर देऊन आणलेला फॉरवर्ड

लग्न होऊन बोईसरला आले त्याला आठवडाही झाला नव्हता. मी ताटं वाढत होते. सासरे घास हातात धरून थांबले आणि म्हणाले, "सूनबाई, तू या घरात नवीन हायस, तुला कोणाची बाजू नाय. तूच सांग. गोलकीपर देऊन फॉरवर्ड आणला, ते बरं केलं का वाईट?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तवा जरा जोरातच उतरवला. "तिला काय विचारता? ती घाबरून होच म्हणेल."

त्या घरात माझं मत पहिल्यांदा विचारलं गेलं ते असं. माझं माहेर सफाळ्याचं. आमच्याकडे फुटबॉल होता तो शाळेच्या कपाटात, हवा गेलेला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून डाळीत भात कालवत होता, नको इतका वेळ. त्याचं कारण मला नंतर कळलं. दिलेल्या गोलकीपरच्या जागी आता तोच उभा राहत होता.

"मी पाहिलेलंच नाही काही," मी म्हणाले.

"मग ये रविवारी," सासरे म्हणाले.

सासऱ्यांची स्टेशन रोडला पिठाची गिरणी होती. आयुष्यात त्यांनी एकदाही चेंडूला पाय लावला नव्हता, पण आमच्या आळीचा फुटबॉलचा संघ त्यांच्या जिवावर चालायचा. चेंडू फाटला की तेच शिवून आणायचे, पंचांशी भांडायचेही तेच. दळण टाकून लोक गिरणीत पोत्यांवर बसून राहायचे, आणि तिथे दुसरा विषय नसायचा. ऐंशी सालाच्या आसपासचे दिवस. आजूबाजूला रोज एखादा नवा कारखाना उभा राहत होता आणि माणसं कुठून कुठून येत होती. त्यातले निम्मे आमच्या संघात खेळायचे आणि उरलेले निम्मे बाहेरून त्यांना शिकवायचे.

दिलेला गोलकीपर तारापूरच्या बाजूच्या कोळीवाड्यातला होता. तो रंगाच्या कारखान्यात कामाला होता आणि गिरणीमागच्या खोलीत राहायचा. जेवायला सासूबाईंकडे. सोमवारी घरून परतताना ओले बोंबील नाहीतर मांदेली घेऊन यायचा. त्याच्या हातात आलेला चेंडू सुटत नसे, असं सगळे सांगायचे. दसऱ्यानंतर एके दिवशी सासऱ्यांनी गिरणीत जाहीर केलं, की हा आता त्याच्या गावच्या संघात जाणार आणि त्यांचा फॉरवर्ड आपल्याकडे येणार. अदलाबदल. आपल्याला गोल करणारा माणूस पाहिजे, नुसतं अडवून किती दिवस चालणार?

लोक खवळले. सगळ्यांत जास्त खवळले ते अणुवीज वसाहतीतून स्कूटरवर दळण घेऊन येणारे बंगाली गृहस्थ. फुटबॉलबद्दल बोलायचा पहिला हक्क आपला, असं ते मानत, आणि बाकीच्यांनाही ते मान्य होतं. मी लग्न होऊन आल्यावरही त्यांना म्हणताना ऐकलं, "शेठ, दरवाज़ा देके खिड़की लाया आपने!"

"खिडकीतून हवा येते," सासरे म्हणाले आणि गिरणीचा पट्टा चढवला, म्हणजे पुढचं कोणाला ऐकूच येऊ नये.

तो नवा फॉरवर्ड विक्रमगडच्या पुढच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. आधी तो समुद्राकाठी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा, म्हणून तिकडच्या संघात खेळायचा. आता तो गिरणीत कामाला लागला आणि त्याच खोलीत राहू लागला. वीस-बावीस वर्षांचा, सडपातळ. विचारल्याशिवाय बोलायचा नाही, विचारलं तरी हाय-नायच्या पुढे जायचा नाही. जेवायला बसला की वाढलेलं संपवायचा आणि ताट स्वतः घासून ठेवायचा. दुसऱ्यांदा मागायचा नाही. सासूबाईंना त्याचाच राग.

"तो पहिला हक्कानं मागून खायचा," त्या मला म्हणायच्या. "याला वाढताना पाहुण्याला वाढल्यासारखं वाटतं."

रविवारी मी सामना बघायला गेले. स्टेशनच्या पलीकडे मोकळं माळरान होतं, दोन्ही टोकांना बांबूचे गोल. बायका फारशा नसायच्या. सासूबाई आणि मी एका बाजूला आंब्याखाली उभ्या राहिलो. फॉरवर्ड पळायला लागला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हे लोक इतके वेडे का झालेत. पायात चेंडू घेऊन तो तिघा-चौघांमधून असा निघून जायचा, जणू ते उभेच नाहीत. सगळं मैदान ओरडायला लागायचं. मग तो मारायचा आणि चेंडू बांबूच्या वरून पार नाल्यात. प्रत्येक वेळी. नाल्यातून चेंडू आणायला एक माणूस तिथे कायमचा उभा केला होता.

आणि आमचा नवरा. पहिलाच गोल त्याच्या दोन पायांमधून गेला. दुसरा झाला तेव्हा तो भलत्याच बाजूला झेपावलेला होता. तिसऱ्याला मी डोळे मिटले.

घरी आल्यावर पायही धुवू न देता सासऱ्यांनी विचारलं, "आता बोल."

काय बोलणार? गोलकीपर द्यायला नको होता म्हणावं, तर नवऱ्याला वाईट ठरवणं. बरं केलं म्हणावं, तर डोळ्यांनी पाहिलेलं खोटं. मी म्हणाले, "पहिला गोल झाला तेव्हा हे चेंडूकडे बघतच नव्हते."

"मग कुठं बघत होता?"

"आंब्याकडे."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि नवरा कानापर्यंत लाल होऊन मागच्या दारानं बाहेर गेला. पुढच्या सामन्यापासून मला गोलच्या मागे उभं राहायचा हुकूम झाला. त्यानंतर त्याचा खेळ खरंच थोडा सुधारला, पण थोडाच.

तेव्हापासून मी त्या वादात सामील झाले. घरात दोन तट होते. सासरे एकटे एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. सासूबाईंचं तर रोज चालायचं. मीठ कमी पडलं तरी त्या म्हणायच्या, "तुमी मीठ देऊन साखर आणली असेल." सासरे ऐकून घ्यायचे. इतर बाबतींत ते कोणाचं ऐकून घेणारे नव्हते, म्हणून मला त्याचं नवल वाटायचं.

शिमग्याच्या आधीच्या रविवारी आमचा सामना त्या कोळीवाड्याच्या संघाशी ठरला, त्यांच्या गावात. दोन टेम्पो भरून माणसं गेली. बंगाली गृहस्थ स्कूटरवर पुढे. मैदान म्हणजे सुरूच्या झाडांमागची कडक वाळू. तिथे मी त्या गोलकीपरला पहिल्यांदा पाहिलं. उंच, काळा, खांदे रुंद. सामना सुरू व्हायच्या आधी तो मैदान ओलांडून आमच्याकडे आला, सासूबाईंच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "वहिनी, तुमची जागा मला ठाऊक नवती, नायतर मी खोली लवकर सोडली असती." हे काय बोलला ते त्यालाही नीट कळलं नसावं, पण सगळे हसले.

त्या दिवशी आमच्या फॉरवर्डचा एकही चेंडू वरून गेला नाही. नीट गोलमध्ये मारत होता, आणि तो कोळी पोरगा एकेक अडवत होता. शेवटी शेवटी तर फॉरवर्डनं अगदी जवळून, कोपऱ्यात, असा मारला की मी ओरडलेच. तो आडवा झाला आणि चेंडू छातीशी धरून वाळूत पडून राहिला. मग उठून त्यानं आमच्या फॉरवर्डच्या पाठीवर थाप मारली, त्याच्या कानात काहीतरी म्हणाला, आणि तो न बोलणारा मुलगा हसला. सामना आम्ही एका गोलानं हरलो. तो गोल कोणाच्या हातून झाला हे लिहायची गरज नाही.

"देखा?" बंगाली गृहस्थ सासऱ्यांना म्हणाले. "वो अपना होता तो?"

सासरे चेंडूवरची वाळू झटकत राहिले.

पुरुष मैदानातच बसले. गोलकीपरच्या आईनं सासूबाईंना आणि मला घरी नेलं. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. ओट्यावर एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. त्याचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता. आम्हाला बघून त्यानं डाव्या हातानं नमस्कारासारखं केलं.

"दसऱ्याच्या सुमाराला अंगावरनं वारा गेला त्यांच्या," आई म्हणाली. आत गेल्यावर तिनं आम्हाला बसायला दिलं आणि सासूबाईंचा हात धरला. "तुमच्या मालकांनी आमचं घर राखलं, बाय."

सासूबाईंना काही कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. तिचा नवरा पडला तसा पोरगा काम सोडून घरी यायला निघाला, बोट त्याच्याशिवाय सांभाळायला कोणी नव्हतं. पण बोट हाकणारा तांडेल आता बोटीवर परतायचा नाही, हे बाहेर कळलं असतं तर खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर गेले असते. घरचं कारण सांगायचं नाही आणि संघाला दगा दिला असंही व्हायला नको, म्हणून पोरगा सासऱ्यांसमोर बसून रडला. सासरे त्याच दिवशी या गावात आले, इथल्या संघाच्या माणसांना भेटले आणि अदलाबदल ठरवून गेले. पोराचा खेळही सुटू नये म्हणून.

"आता तो बोट चालवायला शिकला, खलाशीबी टिकले," ती म्हणाली. "आता बोलायला भीती नाय. मला वाटलं तुमाला ठाऊक हाय."

येताना टेम्पोत सासूबाई तिनं दिलेली सुक्या बोंबलांची टोपली मांडीवर धरून बसल्या होत्या. बाकीचे तावातावानं भांडत होते, कोणाला द्यायला नको होतं आणि का. सासरे पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. घरी आल्यावर मी नारळ खवत होते, तेव्हा त्या दोघांचं बोलणं झालं.

"मला का नाय सांगितलं?"

"पोरानं शब्द घेतला होता."

"मी काय गावभर केलं असतं?"

सासरे म्हणाले, "केलं असतंस."

सासूबाईंनी ते मान्य केलं असावं, कारण पुढचा प्रश्न वेगळा होता. "मग आता तरी सांगा ना लोकांना. किती बोलतात तुमाला."

"आणि त्या पोराला काय वाटेल?" सासऱ्यांनी गिरणीच्या दिशेनं मान हलवली. "आपल्याला कोणी मागितलंच नवतं, असंच ना? त्याला सांगून आणलाय, की तुझ्यासारखा फॉरवर्ड आमाला पाहिजे. राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत नेहमीचे लोक होते. बंगाली गृहस्थ मुद्दाम लवकर आले होते. कालच्या सामन्याचं सुरू झालं तशा सासूबाई मागच्या दारातून आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अदलाबदल बरोबर होती. मी उगाच बोलत होते. काल बघितलं नाय का, कसा नीट मारत होता तो? गोल आज ना उद्या होतील."

पट्टा फिरत होता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. फॉरवर्ड जात्याशी उभा होता. त्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"भाभीजी, आप भी?" बंगाली गृहस्थांना धक्काच बसला. मग कोणीतरी म्हणालं, की काल त्या घरी गेल्या होत्या आणि सुके बोंबील घेऊन आल्या. टोपलीभर बोंबलांवर बाई फुटली, असं महिनाभर स्टेशन रोडला बोललं जात होतं. एरवी असं कोणी बोललं असतं तर सासूबाईंनी त्याला पळता भुई थोडी केली असती. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. मी त्यांच्याकडे बघायचे, त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत.

गंमत अशी, की विरोध करायला घरात कोणी उरलं नाही तसे सासरेच बेचैन झाले. तेच म्हणू लागले, फॉरवर्ड पळतो छान पण घाई करतो, डावा पाय वापरत नाही. सासूबाई त्याच्या बाजूनं भांडायच्या. त्या त्याला आता न विचारता दुसरी भाकरी वाढायच्या, आणि एके दिवशी त्यानं स्वतःहून तिसरी मागितली. त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन ते सांगितलं, त्यानं मागितली तेव्हा मी समोरच बसलेली असताना.

पुढच्या वर्षी त्याचे गोल व्हायला लागले. फार नाही, पण व्हायला लागले. नाल्यावर उभा केलेला माणूस आम्ही काढला नाही, कारण अधूनमधून लागायचा. नवऱ्याची जागा कारखान्यातल्या एका केरळी मुलानं घेतली, आणि नवरा इतका खूश झाला की त्या दिवशी त्यानं सगळ्यांना पेढे वाटले.

दोन-तीन वर्षांनी फॉरवर्डचं लग्न ठरलं. त्याच्या पाड्यावर आम्ही सगळे गेलो, तो गोलकीपरसुद्धा मोटारसायकलवर आला. जेवणं झाल्यावर पाड्यातली जाणती माणसं सासऱ्यांजवळ येऊन बसली. त्यांच्याकडेही आता पोरांचा संघ उभा राहिला होता. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "शेठ, आमचा पोर आमाला परत द्या. बदल्यात दुसरा एक देतो, तोबी पळतो."

सासरे विचारात पडल्यासारखे दिसले. पडलेही असतील, अशा बोलण्यांचा त्यांना मोह व्हायचा. त्यांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई बायकांमधून उठून तिथे आल्या.

"कोणाला काय द्यायचं नाय," त्या म्हणाल्या. "दुसरा पळतो तर त्यालाबी पाठवा. खोली मोठी हाय."