जांभळे काका

जांभळे काकांचं आडनाव जांभळे नव्हतं. बीडमधल्या ज्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून पहिली नोकरी केली, तिथली प्रयोगशाळा ते सांभाळत. जंतू रंगवायच्या औषधानं त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायम जांभळी असत, म्हणून हे नाव. लग्नाच्या पंगतीतही लोक त्या बोटांकडे बघत. काका शांतपणे भात कालवत राहत.

त्यांच्या लेखी बहुतेक जंतू दोन प्रकारचे: रंग धरून ठेवणारे जांभळे आणि तो सोडून देणारे गुलाबी. "जांभळ्याला जाड भिंत असती," ते सांगत. "पेनिसिलिनसारखं औषध ती नीट बांधूच देत न्हाई, मग जंतू फुटतो. गुलाबी लई हुशार. त्याची भिंत पातळ, पण वरून अजून एक पडदा. लई औषधं तिथंच अडत्यात." हे सगळं पुस्तकात वाचूनच मी पास झाले होते. पण पेशंट समोर आला की हात सवयीच्या इंजेक्शनकडेच जायचा.

शिरूर कासारकडच्या केसरबाई ऊसतोडीला गेल्या असताना त्यांच्या नडगीवर कोयता बसला. दुकानातून गोळ्या आणायच्या आणि ठणका थांबला की बंद करायच्या, असं तीन आठवडे चाललं. आमच्याकडे आल्या तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. पू तपासायला पाठवून मी नेहमीचं इंजेक्शन सुरू केलं. अर्ध्या तासात काका वॉर्डात आले.

"म्याडम, गुलाबी जंतू हायत, काड्यांसारखे. तुमचं इंजेक्शन पडद्याच्या आत जायचं न्हाई."

"पण रिपोर्ट तर दोन दिवसांनी येईल ना?"

"कोणतं औषध लागू पडंल ते दोन दिवसांनी. कोणतं पडणार न्हाई ते आत्ताच सांगतोय."

मी औषध बदललं. दोन दिवसांनी त्यांनी काचेची बशी उजेडात धरली. जंतूंच्या सायीवर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवलेल्या होत्या आणि बहुतेक टिकल्यांना जंतू अगदी चिकटून वाढले होते. एकाच जुन्या औषधाभोवती मोकळं कडं होतं. "हे आत शिरतं आन् जंतूचं प्रथिनं बनवायचं काम बिघडवतं," ते म्हणाले. "पण किडनीकडं ध्यान ठेवा." ते सुरू केलं आणि सूज उतरू लागली.

चार दिवसांनी केसरबाईंनी पिशवी भरली. मुकादमाचे फोन येत होते. "ठणका न्हाई आता, जाऊ द्या," एवढंच त्या म्हणत. मी समजावून थकले. काकांनी जखमेतला नवा नमुना घेतला, रंगवला आणि त्यांना धरून नेऊन सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. त्या बराच वेळ बघत होत्या.

"ह्ये माझ्या पायातले?"

"तुमच्याच. मेले ते मेले, उरलेत ते चिवट. आज गेलात तर हेच वाढत्याल, आन् मग हे औषधबी चालायचं न्हाई."

केसरबाईंनी स्वतःच मुकादमाला फोन लावला. "पाय बरा झाल्याबिगर मी येत न्हाई," म्हणाल्या आणि फोन बंद करून उशाखाली ठेवला. आठ दिवसांनी त्या आधाराशिवाय चालत गेल्या.

पुढे काका निवृत्त होऊन उमापूरला गेले आणि मी गेवराईत स्वतःचा दवाखाना काढला. एकदा ते सहज भेटायला आले. बाहेर गर्दी होती. सर्दी-तापाच्या एका बाईंना मी घाईत अँटिबायोटिक लिहून दिलं. त्या गेल्यावर काका हळूच म्हणाले, "म्याडम, ह्यो विषाणूचा ताप. विषाणूला भिंतच नसती. ते औषध फोडणार काय?"

"लोकांना हवं असतं, काका. दिलं नाही तर दुसरीकडे जातात."

काकांनी चहा संपवला, माझ्या मुलीची चौकशी केली आणि बसची वेळ झाली म्हणून उठले.

ती शेवटची भेट. दिवाळीच्या आधी त्यांचं हृदय अचानक बंद पडलं. उमापूरहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी माझे पहिले पेशंट एक शिक्षक होते. नाक गळत होतं, अंग दुखत होतं. "जरा पावरफुल द्या," म्हणाले. मी नीट तपासलं आणि आराम करायला सांगितलं. तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर या, म्हटलं. ते रागावून समोरच्या दवाखान्यात गेले. मी त्यांना जाऊ दिलं.