भात्याची गाडी

बाईंनी दोन सीटांची गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी त्यांचा ड्रायव्हर होतो. दोन सीटांची गाडी मालक स्वतः चालवतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाई म्हणजे लोणावळ्यातल्या डॉक्टरीणबाई. पुढे दवाखाना, मागे घर, आणि आठवड्यातले निम्मे दिवस जीपने भाजे, तिकोणा पेठ अशा गावांच्या फेऱ्या. मी परभणीच्याही पलीकडचा. शाळा पाचवीत सुटली. थोरल्या भावाची छाती बिघडली तेव्हा कुणीतरी सांगितलं, तिकडं डोंगरात हवा चांगली आहे, म्हणून त्याला घेऊन इकडे आलो. बाईंनी त्याला बरं केलं. तो गावी परतला आणि मी राहिलो. आधी औषधाच्या बाटल्या धुतल्या, मग बाईंनीच मला जीप शिकवली. क्लच सोडताना माझा पाय थरथरायचा. त्या म्हणायच्या, "अरे, जीप आहे ती, साप नाही." लायसन हातात पडलं त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो. ते त्यांना आवडलं नाही.

इतकं सगळं मिळाल्यावर माणसानं निवांत व्हायला पाहिजे. माझं उलटं झालं. जेवढं जास्त मिळालं तेवढी ते जाण्याची धास्ती वाढली. बाईंनी नुसतं "जरा इकडे ये" म्हटलं तरी मला वाटायचं, आता जायला सांगतात.

पवनेच्या धरणाचं काम चालू होतं, ते दिवस. खंडाळ्याला एक विमानाचे पायलट राहायचे, बाईंचे पेशंट. ते कायमचे परदेशी निघाले होते. त्यांच्याकडे दोन शर्यतीच्या थाटाच्या गाड्या होत्या, दोन्ही दुसऱ्यांनी वापरून झालेल्या. एक विलायती, उघड्या टपाची, हिरवी. दुसरी अमेरिकन, बंद टपाची, लाल, स्टिअरिंग डावीकडे. ते बाईंना म्हणाले, यातली कुठलीही एक घ्या, आठवडाभर दोन्ही चालवून बघा, उरलेली मी मुंबईच्या दलालाला देतो.

बाईंना तरुणपणापासून अशा गाडीचं वेड होतं. पन्नाशी उलटली होती, दिवसभर दुसऱ्यांची दुखणी. "डोळे नीट आहेत तोवर एकदा चालवून घेते," असं त्या मला म्हणाल्या, आणि ते मला पटलंही होतं.

पायलटसाहेबांनी आम्हाला दोन्ही बॉनेट उघडून दाखवली. हिरवीकडे बोट करून म्हणाले, "ही साधी. हिच्या छातीत जेवढी हवा मावते तेवढीच ओढते." मग लालकडे वळले. "हिच्या छातीत हवा कोंबतात. बाहेर जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरतं, ते चक्र हवा आत ढकलतं. टर्बो म्हणतात. आमच्या विमानांना असायचं."

"म्हणजे हिला भाता लावलाय," बाई म्हणाल्या. "लोहाराकडे असतो तसा."

तेव्हापासून लाल गाडी भात्याची झाली आणि हिरवी साधी राहिली.

आमच्या जीपचं काम करणारा मिस्त्री भाजे गावचा होता; गाड्या बघायला तोही बरोबर आला होता. त्यानं पुढे येऊन स्वयंपाकाच्या मावशींना सांगितलं होतं, "मावशे, शेड मोकळी करून ठेवा, भात्याची गाडी यायची हाय." भातकापणीचे दिवस. मावशींनी शेड झाडून, सारवून ठेवली, पोती उतरवायला भाच्याला बोलावून बसवला. संध्याकाळी मी लाल गाडी घेऊन आत शिरलो तर त्या पदर खोचून उभ्या.

"भात कुटं हाय?"

"भाताची न्हाई मावशे, भात्याची," मिस्त्री म्हणाला.

"मग पोती?"

"पोतं एकच. त्ये काय चाकामागं बसलंय." माझ्याकडे बोट दाखवून तो हसला. सगळेच हसले, मीही हसलो. मग ओलं सारवण तुडवत गाडीभोवती फिरताना तो मला म्हणाला, "पावणं, ह्यात दोगंच बसत्यात. बाई एक, त्यांचं दप्तर एक. तुमी कुटं बसणार? टपावर?"

मी इतकी वर्षं इथं राहूनही तो मला पावणंच म्हणायचा. एरवी त्याचं काही वाटायचं नाही.

बाईंनी मला सांगितलं, आधी तू दोन्ही घाटात नेऊन बघ आणि मला सांग कुठली घेऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिरवी खोपोलीपर्यंत उतरवली आणि वर आणली. गाडी छान होती, पण चढाला धापा टाकायची. सारखा गिअर खाली घ्यावा लागायचा. मागून ट्रकवाले हॉर्न मारायचे. पण पाय जेवढा दाबला तेवढंच ती द्यायची, आणि दाबला त्याच क्षणी द्यायची. वर आलो तेव्हा माझा शर्ट कोरडा होता.

दुपारी लाल नेली. सरळ रस्त्यावर तिनं जे काही केलं ते मी आजवर पाहिलं नव्हतं. पाठ सीटला चिकटली. चढ असा लागलाच नाही. मला वाटलं, हीच.

मग शिंग्रोबाचं देऊळ आलं.

इंग्रजांना या घाटातली वाट एका धनगरानं दाखवली, त्याचं हे ठाणं, असं सांगतात. घाट चढणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथं गाडी न थांबवता खिडकीतून नाणं टाकतो आणि एक हात कपाळाला लावतो. त्यासाठी पाय आपोआप उचलला जातो. गाडी जरा हळू होते, नमस्कार होतो, पाय परत खाली. हजारदा केलेलं, कुणी लक्षातही घेत नाही.

मी पाय उचलला, नाणं टाकलं, पाय ठेवला. गाडीनं काहीच केलं नाही. जणू मी दुसऱ्याच कुठल्या गाडीचं पेडल दाबत होतो. पुढे वळण, मागे भरलेला ट्रक. मी पाय आणखी दाबला, पार तळाला. तरी काही नाही. आणि वळणाच्या ऐन पोटात शिरल्यावर, चाकं वाकडी असताना, मघाशी मागितलेलं सगळं तिनं एकदम दिलं. गाडी वळली नाही, फेकली गेली. समोरून एक एस.टी. उतरत होती. एस.टी.चा ड्रायव्हर मला दिसला, त्याचं उघडं तोंड दिसलं, आणि तो बाजूनं निघून गेला. कसा गेला ते मला ठाऊक नाही.

वर खंडाळ्याला गाडी उभी करून मी कठड्यावर बसलो. पायलटसाहेबांचं चक्र आठवलं: पाय उचलला की धूर कमी, चक्र मंद, आणि ते पुन्हा जोर धरेपर्यंत गाडी गप्प. आणि तिथं बसल्या बसल्या मला दुसरी, वेगळी भीती वाटली. ही स्वतःच्या जिवाची नव्हती. बाईंची एक सवय होती. जीप चालवताना त्या बोलायला लागल्या की त्यांचा पाय उचलला जायचा. वाक्य संपलं की पाय खाली. जीप सारखी मंद व्हायची, पळायची, मंद व्हायची. आम्ही त्यावर हसायचो. त्या सवयीनं या गाडीत त्या एक दिवसही टिकल्या नसत्या.

हे एवढंच घरी जाऊन सांगायचं होतं. पण दवाखान्यापाशी मिस्त्री उभा होता.

"कशी हाय?"

"मला भ्या वाटतं तिचं."

"वाटनारच. हिरवी चार दिसांची हौस, पर ही घेतली तर बाई जीप इसरत्यात. नोकरी जाती म्हटल्यावर चांगली गाडी बी वंगाळ दिसती, पावणं."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला लाल गाडी मनापासून आवडली होती, तिचं बॉनेट तो सारखा उघडून बघायचा. पण त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. बाईंनाही तसंच वाटलं तर? आणि खरंच तसं असलं तर? मला स्वतःला तरी कुठं नक्की माहीत होतं?

बाईंनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "साधी घ्या."

"का रे?"

"दुसरी भीतीदायक आहे."

"म्हणजे काय करते?"

मी गाडीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बरं. उद्या मी चालवते. तू शेजारी बस."

रात्रभर मी एकच गोष्ट ठरवत होतो. बाई देवाधर्माच्या नव्हत्या. पण जीप त्यांच्या हातात असली आणि शिंग्रोबा आला, की माझा नमस्कार होईपर्यंत त्या पाय उचलून धरायच्या. माझ्यासाठी. मी ठरवलं, उद्या हात जोडायचे नाहीत, नाणं काढायचं नाही, तिकडे बघायचंसुद्धा नाही. पाय उचललाच नाही तर काही होणार नाही.

उतरताना सगळं ठीक झालं. चढताना बाई खूश होत्या, आणि खूश असल्यामुळे गप्प होत्या, हे माझं नशीब. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून मी उजवीकडे रस्त्याच्या मध्यावर बसलेला, समोरून येणारा प्रत्येक ट्रक माझ्या मांडीवर येतोय असं वाटत होतं. देऊळ दिसलं. मी समोर नजर रोखली, हात गुडघ्यांवर घट्ट धरले.

बाईंनी सवयीनं पाय उचलला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, आज हात नाही जोडलेस?"

इंजिनचा आवाज खाली बसलेला मी ऐकला. बाईंनी पाय ठेवला. काही झालं नाही. "दमली की काय ही," म्हणत त्यांनी आणखी दाबला. वळण समोर आलं होतं.

"बाई, पाय काढा," मी म्हणालो. "आत्ता काढा."

मी त्यांना काही करा असं कधी सांगितलं नव्हतं. त्या दचकल्या आणि त्यांनी पाय काढला, पण तोवर गाडी सुटली होती. अर्धा धक्का तरी बसलाच. मागचा भाग घसरला, आम्ही आडवे झालो, आणि रस्तेवाल्यांनी दुरुस्तीसाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात तोंड घालून गाडी बंद पडली. ढिगाच्या पलीकडे कठडा तुटलेला होता. दुरुस्ती त्याचीच चालली होती.

वरून खडे गळत होते, तेवढाच आवाज. बाईंनी स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

"हेच काल झालं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाटलं असतं, नोकरीसाठी बोलतोय."

"मला वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. आणि मग, "थोडं खरंही असेल ते."

"असेल, बाई."

एका ट्रकवाल्यानं थांबून, दोर बांधून आम्हाला मागे ओढलं. तो त्यांना ओळखत होता. "डॉक्टरीणबाई, ह्ये काय, इमान चालवताय व्हय?" बाई हसल्या, पण ओठच तेवढे हलले. लोणावळ्यापर्यंत गाडी मी आणली, दुसऱ्या गिअरमध्ये, पाय जागचा न हलवता.

मिस्त्रीनं पुढचा पत्रा ठोकून दिला आणि लाल गाडी मुंबईला गेली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. साधी आमच्याकडे राहिली.

पहिल्या रविवारी बाई हिरवी घेऊन घोरावाडीला मैत्रिणीकडे एकट्या गेल्या. जेवायच्या आत येते म्हणाल्या. जेवायची वेळ टळली, चहाची टळली. मावशी दोनदा बोलवायला आल्या, मी फाटकातून हललो नाही. येणाऱ्या प्रत्येक इंजिनच्या आवाजानं आधी जीव भांड्यात पडायचा आणि गाडी दुसरीच निघाली की पुन्हा आटायचा. दिवे लागणीला त्या आल्या. केस विस्कटलेले, चेहरा उन्हानं लाल, हसऱ्या.

"काही कळतं का तुम्हाला?" मी म्हणालो. "सकाळपासून उभा आहे मी इथं. कुठं शोधायचं होतं तुम्हाला? कुणाला विचारायचं होतं?"

हा आवाज माझा आहे हे मला बोलून झाल्यावर समजलं. बाई गाडीतच बसून होत्या. त्यांचं हसू गेलं.

"मैत्रिणीनं थांबवून घेतलं," त्या हळूच म्हणाल्या. "जेवलास का?"

"नाही."

"मावशी, याला वाढा," त्यांनी हाक मारली. आणि मग मलाच, "मलाही वाढायला सांग. तिथलं जेवण घशाखाली उतरलं नाही फारसं. येताना प्रत्येक वळणाला पाय कुठं आहे ते बघत होते."

दुसऱ्या दिवशी तिकोणा पेठेला एक बाळंतपण अडलं होतं. जीप मीच काढली. बाई शेजारी येऊन बसल्या, बॅग मांडीवर घेतली, आणि मी किल्ली फिरवण्याआधी म्हणाल्या, "सावकाश चालव हं."

इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी सांगितलं नव्हतं.